एस ७९.१ : वाढत्या हाडाला नंबर मिळाला, पण कोणत्या खणात?

पेण सोडल्यावर रेंज गेली आणि एपिसोड अर्धवट राहिला असे मेसेज नेहमी येतात. त्या सगळ्यांसाठी हा लिखित भाग. बोलताना जे भरभर सांगून टाकलं होतं ते इथे जरा नीट मांडलंय, आणि आकडे सावकाश वाचता येतील असे लिहिलेत. कारण आजची गोष्टच एका आकड्याची आहे.

सकाळी पेण किंवा रोह्याहून पनवेलकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर नवी मुंबईत मेडिकल कोडिंगचं काम करणारं कुणीतरी नक्की भेटेल. बीएस्सी, बीफार्म, बीएचएमएस, फिजिओथेरपी असं काहीतरी शिकलेली मुलं-मुली. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे केसपेपर वाचायचे, आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराला, प्रत्येक दुखापतीला ठरलेला कोड लावायचा, हे त्यांचं काम. कोड चुकला की तिकडचा विमा पैसे देत नाही. म्हणून ही नोकरी आहे.

आता समजा त्यांच्या स्क्रीनवर हे आलं : एस ७९.१२१ ए. वाचून दाखवतो. 'एस' म्हणजे दुखापत. ७ म्हणजे खुबा आणि मांडी. ९ म्हणजे 'इतर'. हा ९ लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय. मग १ म्हणजे मांडीच्या हाडाचं खालचं टोक, गुडघ्याच्या वरचं, आणि तिथली वाढीची पट्टी मोडलीय. २ म्हणजे मोडण्याचा दुसरा प्रकार. पुढचा १ म्हणजे उजवा पाय. आणि 'ए' म्हणजे बंद फ्रॅक्चर, पहिले उपचार चालू आहेत. सात अक्षरांत एका पोराचा अख्खा गुडघा.

हाच पोरगा ओहायोऐवजी नागोठण्याचा असता, जांभळाच्या झाडावरून पडला असता, तर त्याच्या नावापुढे ही सात अक्षरं लागली असती का? नसती. आपल्याकडे जी आंतरराष्ट्रीय यादी मानली जाते, तिच्यात वाढीच्या पट्टीच्या या मोडण्याला स्वतःचा नंबरच नाही. असं का झालं, त्याचा इतिहास दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा आहे.

आधी हाड समजून घेऊ

लहान मुलाचं लांब हाड मधून वाढत नाही, टोकांशी वाढतं. प्रत्येक टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात, आपण वाढीची पट्टी म्हणू. तिथे नवीन पेशी तयार होतात, मागे ढकलल्या जातात आणि त्यांचं हाड होतं. मुलींची ही पट्टी साधारण १४ व्या वर्षाच्या आसपास बंद होते, मुलांची १६ च्या आसपास. मग उंची थांबते.

मांडीच्या हाडाला अशा पट्ट्या वर आणि खाली दोन्हीकडे असतात, पण दोन्ही सारखं काम करत नाहीत. मांडीच्या हाडाच्या वाढीपैकी साधारण ७० टक्के वाढ एकटी खालची, गुडघ्याजवळची पट्टी देते. वर्षाला जवळजवळ १ सेंटीमीटर. ११ वर्षांच्या मुलाची ही पट्टी एका पायात पूर्ण बंद पडली, तर सोळाव्या वर्षी दोन्ही पायांत चार-पाच सेंटीमीटरचा फरक पडू शकतो. गणित इतकं सोपं आहे. आणि पट्टी अर्धीच बंद पडली, तर एक बाजू वाढते आणि दुसरी थांबते. मग पाय वाकडा होतो.

ही पट्टी नाजूक का? पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यात कुणी काम केलं असेल तर त्याला लगेच कळेल. शाडूच्या मूर्तीचा हात वेगळा करून धडाला चिकटवला, आणि सांधा ओला असतानाच धक्का लागला, तर मूर्ती कुठे तुटते? हात मध्ये तुटत नाही, धड तुटत नाही, ओला सांधा सुटतो. मुलांच्या गुडघ्याचं तसंच आहे. मोठ्या माणसाचा गुडघा आडवा मुरगळला की स्नायुबंध फाटतात. मुलांचे स्नायुबंध त्या पट्टीपेक्षा मजबूत असतात, म्हणून पट्टी आधी सुटते. कबड्डीत पकड करताना बाजूने पाय अडकला, मोटारसायकलवरून पडताना गुडघा वळला, की वरवर 'मुरगळला' वाटणारं प्रकरण आतून हे असू शकतं.

बैलगाडीचा आरा

आपल्याकडे मोडलेल्या हाडांची वर्गवारी फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत सांधा सुटण्याचे ६ आणि हाड मोडण्याचे १२ प्रकार दिलेत, आणि कूर्चेसारखी 'तरुण' हाडं मोडण्याऐवजी वाकतात हेही नोंदवलंय. हाडाच्या जातीप्रमाणे मोडण्याची जात बदलते, हा विचार तिथे आहे. पण वाढीची पट्टी ही वेगळी जागा म्हणून ओळखायला डोळ्यांना आत शिरावं लागलं, आणि ते खूप उशिरा झालं.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या सर्जन मंडळींना एक विशिष्ट दुखापत वारंवार दिसायची. मुलं घोडागाडीच्या मागे लटकायची, पाय चाकाच्या आऱ्यांत जायचा, गाडी चालूच. पाय पुढे ओढला जायचा आणि मांडीच्या हाडाचं खालचं टोक पट्टीपाशी सुटून पुढे सरकायचं. हाडाचं मागचं टोक गुडघ्यामागच्या धमनीवर दाबायचं, पायाचा रक्तपुरवठा तुटायचा आणि अनेकदा पाय कापावा लागायचा. या दुखापतीला नावच 'गाडीच्या चाकाची दुखापत' असं पडलं. दुखापतीचं नाव चाकावरून ठेवलं, हाडावरून नाही. कारण चाक दिसत होतं.

त्या काळात पेण आणि रोहा कुलाबा जिल्ह्यात होते. (रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचं.) मिठागरं, भाताची शेतं आणि बंदराकडे जाणाऱ्या बैलगाड्या असा हा मुलूख. चाकं इथेही होती आणि मागे लटकणारी पोरंही होती. पाय अडकलेल्या पोराला हाडवैद्याकडे नेत. हाडवैद्यांबद्दल एक सांगतो. त्यांना हसण्यात मला गंमत वाटत नाही. कोकणातल्या कित्येक गावांत अनेक पिढ्या तेवढाच उपाय हाताशी होता, आणि बांबूच्या कामट्या लावून सरळ बांधलेलं साधं फ्रॅक्चर मुलांमध्ये छान जुळतं. घोळ होतो तो इथेच, वाढीच्या पट्टीपाशी. तिथे जोराने चोळणं आणि पुन्हा पुन्हा ओढून बसवणं यानेच पट्टीचं जास्त नुकसान होऊ शकतं. आणि ती बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही.

ती दिसायला लागली ती ८ नोव्हेंबर १८९५ नंतर. त्या दिवशी जर्मनीत रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले. तीनच वर्षांत, १८९८ मध्ये, लंडनच्या जॉन पोलंड नावाच्या सर्जनने फक्त या एका विषयावर, म्हणजे अपघाताने हाडाचं टोक पट्टीपाशी सुटणं यावर, नऊशेहून जास्त पानांचं पुस्तक लिहिलं. एवढं मोठं! त्यात जुन्या केसेस होत्या, शवविच्छेदनं होती आणि नवीकोरी क्ष-किरण चित्रंही होती.

म्हणजे १८९८ साली डॉक्टरांना ही दुखापत नीट माहीत होती. मग यादीत का नाही आली?

यादी मरणाची होती

कारण यादी बनवणाऱ्यांना पायाशी देणंघेणं नव्हतं. ते मेलेली माणसं मोजत होते.

१८३९ पासून लंडनच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात विल्यम फार नावाचा माणूस बसून माणसं कशाने मरतात याचे तक्ते करत होता. १८५३ ला ब्रुसेल्समध्ये पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली. तिने फार आणि जिनिव्हाचा मार्क देस्पिन या दोघांना सांगितलं, सगळ्या देशांना चालेल अशी मृत्यूच्या कारणांची एक यादी करा. दोघांनी दोन वेगळ्या याद्या आणल्या. फार म्हणे, मुख्यतः शरीरातल्या जागेप्रमाणे लावा. देस्पिन म्हणे, आजाराच्या प्रकृतीप्रमाणे लावा. १८५५ ला पॅरिसमध्ये तडजोड झाली.

जागा की प्रकृती? हे भांडण नीट लक्षात ठेवा, कारण ते अजून मिटलेलं नाही. आपल्या मांडीच्या हाडाचं सगळं रडगाणं त्यातूनच येतं.

मधल्या काळात फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० च्या लंडन परिषदेत मांडलं होतं की दवाखान्यांनीही एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, कोण बरं झालं, कशाने आलं होतं, किती दिवस राहिलं. तेव्हाच ती हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्याच्या चौकशीचं कामही करत होती. पण मरणाची यादीच पुढे गेली. पॅरिस शहराच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख जाक बर्तियाँ यांनी १८९३ ला शिकागोत जी यादी मांडली, ती आजच्या आयसीडीची, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीची मूळ आई. जाता जाता, या जाकचा भाऊ अल्फोंस म्हणजे गुन्हेगारांची मापं घेऊन ओळख पटवण्याची पद्धत काढणारा पॅरिसचा पोलिसवाला. एक भाऊ मेलेल्यांना खणांत लावत होता, दुसरा चोरांना. घरातली जेवणाची टेबलं कशी असतील कल्पना करा!

तर अशा यादीत वाढीची पट्टी कशी येणार? तिने कुणी मरत नाही. ती मोडली की पोरगा आयुष्यभर लंगडतो, पण मरत नाही. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यादी हातात घेतली आणि सहाव्या आवृत्तीत पहिल्यांदा नुसत्या मरणाऐवजी आजार आणि दुखापतीही नीट घेतल्या. म्हणजे जिवंत माणसाच्या पायाला यादीत जागा मिळायला पंचावन्न वर्षं लागली.

टोरांटोचे दोघे

आता १९६३. कॅनडातल्या टोरांटोचे दोन हाडांचे डॉक्टर, रॉबर्ट सॉल्टर आणि रॉबर्ट हॅरिस, यांनी वाढीच्या पट्टीच्या दुखापतींचे पाच प्रकार पाडले. आज एमबीबीएसच्या प्रत्येक मुलाला ते पाठ असतात. पहिला, पट्टी सरळ सुटली. दुसरा, पट्टी सुटली आणि वरच्या बाजूच्या हाडाचा एक तुकडा घेऊन गेली. हा सगळ्यात जास्त दिसतो. तिसरा, भेग पट्टीतून सांध्यात उतरली. चौथा, भेग सगळ्यातून आरपार गेली. पाचवा, पट्टी चिरडली, आणि हा एक्स-रेत सुरुवातीला दिसतही नाही.

ही वर्गवारी जगभर पसरली, कारण ती नुसतं वर्णन करत नव्हती, भविष्य सांगत होती. पहिला आणि दुसरा प्रकार असला तर साधारण काळजी नको. तिसऱ्या-चौथ्यात काळजी घ्या, भेग बरोबर जुळवा. पाचवा वाईट. कामात बुडालेल्या डॉक्टरला असा आकडा हवाच असतो.

मांडीच्या हाडाचं खालचं टोक मात्र या भविष्याला जुमानत नाही. इथे दुसरा प्रकारही दगा देतो. कारण ही पट्टी सपाट नसते, ती लाटांसारखी वर-खाली असते. भेग आडवी जायला लागली की ती पट्टीच्या वेगवेगळ्या थरांतून, उंचवट्यांना घासत जाते, आणि वाढणाऱ्या पेशी मरतात. वेगवेगळ्या रुग्णालयांचे अनुभव एकत्र केल्यावर दिसलं की या एका जागी पट्टी मोडलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांच्या वाढीत काही ना काही बिघाड होतो. मनगटाच्या दुसऱ्या प्रकाराला असं होणं फार कमी.

म्हणजे नुसता प्रकार सांगून भागत नाही आणि नुसती जागा सांगूनही भागत नाही. दोन्ही एकत्र हवेत. फार आणि देस्पिन, दोघेही बरोबर होते आणि दोघेही अपुरे.

मांडीच्या वरच्या टोकाला आणखी एक गुंता आहे. तिथे अपघाताने पट्टी सुटणं वेगळं, आणि वयात येणाऱ्या, बहुतेकदा वजनदार मुलांमध्ये मोठा मार न लागता खुब्याचा गोळा हळूहळू घसरणं वेगळं. दुसऱ्याचा कोड एम ९३.०, म्हणजे तो दुखापतीच्या प्रकरणातच नाही, हाडांच्या आजारांत आहे. हे पोरगं 'गुडघा दुखतो' म्हणून येतं आणि सगळे गुडघ्याचाच एक्स-रे काढत बसतात. असो, त्यावर वेगळा एपिसोड होईल.

नऊ नंबरचा खण

आता त्या ९ कडे येऊ.

आयसीडीची नववी आवृत्ती दुखापती प्रकृतीप्रमाणे लावायची. आधी सगळी फ्रॅक्चरं एकत्र, मग त्यात मांडी, हात, बरगडी. अमेरिकेने त्या आवृत्तीचं स्वतःचं वाढवलेलं रूप वापरलं, त्यात ८२१.२२ हा कोड होता : मांडीच्या हाडाचं खालचं वाढतं टोक सुटणं. म्हणजे पट्टीला जागा होती. सॉल्टर-हॅरिसचा प्रकार मात्र नव्हता.

दहावी आवृत्ती १९९० ला मंजूर झाली, १९९४ पासून वापरात आली. तिने मांडणी उलटी केली. आता आधी जागा. एस ७ म्हणजे खुबा-मांडी, एस ८ म्हणजे गुडघा आणि पोटरी, एस ५ म्हणजे कोपर आणि पुढचा हात. आणि दुसऱ्या आकड्याला एक सुंदर शिस्त : २ आला की फ्रॅक्चर. एस ५२ पुढच्या हाताचं, एस ७२ मांडीचं, एस ८२ नडगीचं. ९ आला की 'इतर आणि अनिर्दिष्ट'. एस ७२ मध्ये मांडीच्या हाडाची मान, मधला दांडा, खालचं टोक, सगळं आहे. वाढीच्या पट्टीला वेगळा आकडा नाही. दहा वर्षांच्या मुलाची सुटलेली पट्टी आणि सत्तर वर्षांच्या आजीचं गुडघ्यावरचं मोडलेलं हाड, दोन्ही एस ७२.४.

अमेरिकेने दहावी आवृत्ती घेतली ती बऱ्याच उशिरा, १ ऑक्टोबर २०१५ ला, पुन्हा स्वतःचे बदल करून. त्यांना वाढीच्या पट्टीला जागा द्यायची होती, सॉल्टर-हॅरिसच्या प्रकारांसकट. ती दिली कुठे? एस ७९ मध्ये. 'इतर' च्या खणात! एस ७९.० वरचं टोक, एस ७९.१ खालचं टोक. खालच्या टोकाला पहिल्यापासून चौथ्यापर्यंत प्रकार वेगळे, वर फक्त पहिला वेगळा, बाकीचे 'इतर' मध्ये. चिरडलेल्या पाचव्याला कुठेच स्वतःचा आकडा नाही. शिवाय एस ७२ ला उघड्या जखमेच्या फ्रॅक्चरसाठी वेगळी अक्षरं आहेत, ती एस ७९ च्या पट्टीला नाहीत.

गंमत बघा. फ्रॅक्चर असूनही त्याच्या कोडमध्ये फ्रॅक्चरचा २ नाही. एखाद्याने 'मुलांमध्ये मांडीचं हाड मोडण्याचं प्रमाण' काढायला कॉम्प्युटरला एस ७२ विचारलं, तर ज्या मुलांना पुढे सगळ्यात जास्त त्रास होणार आहे, नेमकी तीच मुलं मोजणीतून गळतील. नवी मुंबईत कोडिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला म्हणून सुरुवातीला बजावतात, एस ७२.४ लावण्याआधी खाली लिहिलेली 'हे इथे नको' ही सूचना वाचा. माझं मत विचाराल तर हा वाईट खण आहे. पण खण आहे, हे आपल्यापेक्षा बरंच म्हणायचं.

पेणचा केसपेपर

आता आपल्या बाजूला येऊ. भारतात आजारांची यादी सगळ्यात नियमाने वापरली गेली ती पुन्हा मरणासाठीच. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली मृत्यूचं कारण डॉक्टरने प्रमाणित करायचं आणि ते आयसीडीप्रमाणे लावायचं. जिवंत माणसाच्या मोडलेल्या पायाला कोड लावायची सक्ती अशी कुणाला जाणवली नाही.

पैशाचा कोड मात्र आला. २ जुलै २०१२ ला महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात फक्त आठ जिल्हे होते आणि त्यात आपलं रायगड होतं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार, आणि रुग्णालयात टेबलावर बसलेला आरोग्यमित्र. नोव्हेंबर २०१३ ला ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, आणि आता मर्यादा ५ लाखांवर आहे. पेण-रोह्यातल्या कित्येक घरांना या योजनेने कर्जातून वाचवलंय, त्याबद्दल दुमत नको. पण योजनेचा कोड उपचाराच्या पॅकेजचा असतो. ऑपरेशन झालं, तार घातली, पॅकेज मंजूर झालं, फाइल बंद. पट्टीचं पुढे काय झालं, हा पॅकेजचा प्रश्नच नाही.

आणि पट्टीचा प्रश्न तर फाइल बंद झाल्यावर सुरू होतो.

एक काल्पनिक मुलगा घेऊ. रोहा तालुका, दहा वर्षं वय, झाडावरून पडला. (झाडावरून पडण्याला आयसीडी-१० मध्ये खास कोड आहे, डब्ल्यू १४. कोकणाने तो फ्रेम करून लावायला हरकत नाही.) रोह्याच्या सरकारी रुग्णालयात एक्स-रे, तिथून अलिबाग किंवा पनवेल, नाहीतर थेट परळ. पट्टी जागेवर बसवली, तार, प्लास्टर. दीड महिन्यात पोरगा चालायला लागला. घरचे खूश. त्याचा कोड, लावलाच तर, एस ७२.४. दोन वर्षांनी गुडघा किंचित वाकडा वाटतो. आता तो दुसऱ्या डॉक्टरकडे आहे. वाढ थांबलीय, कोड एम ८९.१. पंधराव्या वर्षी एक पाय आखूड. तिसरा डॉक्टर, कोड एम २१.७. 'मांडीच्या फ्रॅक्चरचा मागे राहिलेला परिणाम' असा टी ९३.१ हा जोडकोडही यादीत आहे, म्हणजे धागा बांधायची सोय आहे. पण धागा बांधायला पहिला कागद हवा. तो पावसात भिजला, नाहीतर घर बदलताना गेला. आणि असला तरी त्यावर बऱ्याचदा नुसतं 'फ्रॅक्चर फीमर' असतं. कुठे, कोणता प्रकार, पट्टी की दांडा, काही नाही.

उशीर का महाग पडतो ते सांगतो. पट्टीत छोटा हाडाचा पूल तयार झाला असेल, तो पट्टीच्या अर्ध्यापेक्षा कमी असेल आणि वाढीची किमान दोनेक वर्षं शिल्लक असतील, तर तो पूल कोरून काढून तिथे चरबी भरतात. फिनलंडच्या लँगेनशॉल्डने १९६७ च्या सुमारास हे दाखवलं. पूल मोठा असेल तर दुसऱ्या, चांगल्या पायाची पट्टी योग्य वेळी थांबवून दोन्ही पाय बरोबरीला आणता येतात. ही युक्ती अमेरिकेच्या फेमिस्टरने १९३३ मध्ये मांडली. दोन्ही उपाय तुलनेने छोटे आहेत आणि दोन्हींना वाढ शिल्लक असावी लागते. सतरा वर्षांचा होऊन मुलगा आला, तर उरतं ते हाड कापून रोज मिलिमीटर-मिलिमीटर लांबवणं. त्यात अनेक महिने पायाला बाहेरून रिंगा, दहावी-बारावी बुडणं आणि खर्च. म्हणजे तोच पाय, फक्त पाच वर्षं उशिरा.

इथे पोलिओ आठवतो. मुंबईत फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुलांसाठी पुनर्वसनाचं काम उभं केलं, स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यानंतर. मुंबईत मुलांच्या हाडांची सेवा ज्या कामांवर वाढली, त्यात पोलिओ मोठा. पोलिओला नाव होतं, नंबर होता, प्रत्येक केस मोजली जात होती, आणि म्हणून २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर करता आला. याचा एक विचित्र परिणाम गावांत अजून दिसतो. कुणी लंगडताना दिसलं की लोक सहज म्हणतात, 'लहानपणी पोलिओ झाला असेल.' त्याचा पाय पोलिओने नाही, आंब्याच्या फांदीने आखूड झालाय, हे त्याच्या आईला सोडून कुणालाच माहीत नसतं.

ज्यांच्या घरात किंवा शेजारी असं मूल आहे त्यांच्यासाठी

१६ च्या आतल्या मुलाचा गुडघा आपटून किंवा वळून सुजला आणि त्याला पाय टेकवत नाही, तर चोळू नका. एक्स-रे काढा, आणि पहिला एक्स-रे चांगला दिसला तरी दुखणं राहिलं तर परत दाखवा. सुटी होताना डॉक्टरांना सरळ विचारा : 'सर, ग्रोथ प्लेटला लागलंय का? सॉल्टर-हॅरिसचा कितवा प्रकार? कार्डावर लिहून द्याल?' जागा, प्रकार, डावा-उजवा आणि तारीख. डॉक्टर रागावत नाहीत. उलट पुढच्या डॉक्टरचा अर्धा तास वाचतो. कार्डाचा आणि एक्स-रेचा उजेडासमोर धरून फोटो काढा आणि तो आई-बाबा दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

मग प्लास्टर निघाल्यावरही दर काही महिन्यांनी दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे, डॉक्टर सांगतील तसा, निदान दोन वर्षं. त्या एक्स-रेत हाडात बारीक आडव्या रेषा दिसतात, झाडाच्या वर्तुळांसारख्या, वाढ कुठवर आली हे दाखवणाऱ्या. त्यांनाही हॅरिसचंच नाव आहे, पण हा हॅरिस वेगळा. रेषा पट्टीला समांतर असेल तर वाढ सगळीकडे सारखी चाललीय. एका बाजूला तिरकी होऊन पट्टीला भिडत असेल, तर त्या बाजूला पूल तयार होतोय. पाय वाकडा दिसायच्या कितीतरी आधी हे कळतं.

आयसीडीची अकरावी आवृत्ती २०१९ ला मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. ती आता एका मूळ कोडला बाजू आणि इतर तपशिलांचे वेगळे कोड जोडायची मुभा देते, खण एकच असला पाहिजे असा हट्ट सोडून. फार आणि देस्पिन एकाच ओळीत बसू शकतात अशी ती रचना आहे. पण जोडायला डॉक्टरने तो तपशील लिहिलेला असावा लागतो, आणि तो लिहायचा टेबल परळला नसून पेणला, रोह्याला आहे.

तुमच्यापैकी जे कोडिंगचं काम करतात त्यांनी मला सांगा, एस ७९.१ तुमच्या स्क्रीनवर किती वेळा येतो आणि पाचवा प्रकार आला तर तुम्ही काय लावता. आणि कुणाच्या घरी आजोबांच्या काळातली, बैलगाडीच्या चाकात पाय अडकल्याची गोष्ट असेल, तर तीही रेकॉर्ड करून पाठवा. आवाज थोडा खरखरीत असला तरी चालेल.